पीएलसीच्या धंद्यात उतरताय? लॅपटॉपआधी मल्टीमीटर घ्या



वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा... आपल्या संभाजीनगरच्या एमआयडीसीत जिथे मशीन आपोआप चालतं, तिथे पॅनलमध्ये बहुतेक वेळा पीएलसी असतोच. म्हणून बरीच मुलं म्हणतात, "सर, कोर्स करतो आणि सर्व्हिसचा धंदा टाकतो." विचार चांगलाय. पण तुम्ही लॅडर प्रोग्राम शिकता आणि हार्डवेअर सोडून देता, हे मला चुकीचं वाटतं.

समजा, रात्री अकराला प्रेसशॉपमधून फोन आला, मशीन बंद. काल चालणारा प्रोग्राम सहसा रातोरात बिघडत नाही. वायर सैल होते, सेन्सर मार खातो, रिलेचा कॉन्टॅक्ट जळतो. मग शोधायचं कुठे?

पॉवर सप्लाय : बहुतेक पॅनलमध्ये तो 230 व्होल्ट एसीचे 24 व्होल्ट डीसी करतो. पहिलं मोजमाप इथेच, तेही लोड चालू असताना.

सीपीयू : इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट बदलतो, हे चक्र काही मिलिसेकंदांचं. 'रन'चा दिवा आधी बघा.

इनपुट : प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर लोखंड धरा. सेन्सरचा दिवा लागला पण कार्डचा नाही? वायर तपासा. सेन्सर नवा असेल तर पीएनपीच्या जागी एनपीएन बसवलाय का, तेही बघा. अॅनालॉग सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअरचा असेल तर 4 म्हणजे शून्य; म्हणून 0 दिसलं की वायर तुटल्याची शंका घ्या.

आउटपुट : रिले एसी-डीसी दोन्ही चालवतो, पण झिजतो. ट्रान्झिस्टर वेगवान, पण फक्त डीसीसाठी. कार्डचा दिवा लागतो आणि सोलेनॉइडला व्होल्टेज नाही, तर फ्यूज, कॉन्टॅक्ट, वायर बघा.

प्रोग्राम शिकूच नका, असं मी म्हणत नाही. पण 1968 साली जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या पॅनलची कटकट नको होती, त्यातून पीएलसी आला. लॅडरचं चित्रही रिलेच्या वायरिंगवरूनच घेतलंय. वायरिंग कळलं की लॅडर सोपं जातं.

म्हणून पहिली गुंतवणूक छोटी ठेवा : चांगला मल्टीमीटर, एक जुना छोटा पीएलसी, 24 व्होल्टचा सप्लाय, एक सेन्सर, एक रिले. प्लायवूडवर बसवा. मेन स्विच बंद करून एकेक वायर मित्राला काढायला सांगा आणि फॉल्ट तुम्ही शोधा. सुरुवातीला 230 व्होल्टच्या बाजूला जाणकार माणूस सोबत हवाच.

कारखानदार पैसे देतो ते मशीन सुरू झाल्याचे. सर्टिफिकेट तो नंतर बघतो.

चला, लागा कामाला!