आडनाव नसलेला हिरो आणि शेवटच्या पानावरचा खुनी

संमेलनाचा हंगाम आला की मराठी वाचक संपत चालल्याची ओरड हमखास सुरू होते. जानेवारी २०२६ मध्ये ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या साताऱ्यात भरलं. ज्यांना वाचक संपल्याची खात्री आहे, त्यांनी एकदा सातारा-सांगली एसटीत मागच्या सीटवर बसून बघावं. कोणी प्रतिलिपीवरच्या प्रेमकथेचा पुढचा भाग वाचतंय, कोणी कानात हेडफोन घालून स्टोरीटेलवर खुनाचा तपास ऐकतंय, कोणी फ्रीडा मॅकफॅडनची 'द हाउसमेड' इंग्रजीत संपवतंय, तर कोणाच्या बॅगेत 'इकिगाई'चा मराठी अनुवाद आहे. एवढं सगळं चालू असताना वाचक संपला कसा?

संपली आहे ती या वाचनाची दखल. आपल्याकडे पुस्तकांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर गंभीर कादंबरी, तिच्या शेजारी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, मग 'माहितीपर' पुस्तकं, आणि तळाला प्रेमकथा व रहस्यकथा. तळातल्या मडक्यात काय आहे हे बघायला कोणी वाकत नाही. त्यामुळे त्यातलं चांगलं विसरलं जातं आणि वाईट बिनबोभाट खपत राहतं.

आधी रहस्यकथेचं बोलू. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. आज किती जणांनी अर्नाळकर वाचलेत? सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी असे नायक उभे केले आणि महाराष्ट्रभरच्या लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांची पानं गळेपर्यंत ती वाचली गेली. ते २००३ मध्ये गेले. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर सिनेमा आला आणि त्यानंतर कित्येकांना कळलं की असा एक लेखक होता. लाखोंनी वाचलेला लेखक सिनेमा येईपर्यंत चर्चेत नसावा, यात दोष वाचकाचा नाही.

'पण हे साहित्य सामान्य दर्जाचं असतं', हा यावरचा ठरलेला आक्षेप. यातलं बरंचसं सामान्य असतं, हे मला मान्य आहे. हल्ली वाचलेल्या मराठी रहस्यकथांपैकी निम्म्यांमध्ये खुनी शेवटच्या प्रकरणात उगवतो, नाहीतर इन्स्पेक्टरला ऐनवेळी एक फोन येतो आणि सगळं उलगडतं. ही वाचकाची फसवणूक आहे. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्येच रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे आणि डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये, हे त्यातलेच. नियम मोडणारेही झाले, पण मोडायला आधी नियम तरी हवेत. तिथे या लेखनाकडे कारागिरी म्हणून पाहिलं गेलं. आपण 'टाइमपास' म्हणून सोडून दिलं.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एक साधी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ज्या कोडचा रिव्ह्यू होत नाही, तो कधीच सुधारत नाही. लिहिणारा हुशार असो की नवशिका, दुसऱ्याची नजर फिरली नाही की बग तसेच राहतात आणि त्याच चुका पुढच्या दहा फायलींत कॉपी होतात. मराठी रहस्यकथेत नेमकं हेच झालं आहे.

आता प्रेमकथा. हिची तर नुसती उपेक्षा नाही झाली, तिच्यावर खटलेही झाले. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९६९ मध्ये कोर्टाने ती अश्लील नसल्याचा निकाल दिला. न्यायाधीशांनी ती कादंबरी नीट वाचून निर्णय दिला. आपल्या समीक्षकांनी किती काकोडकर नीट वाचले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आजची अॅपवरची प्रेमकथा अश्लील नाही. तिचा दोष वेगळा आहे. तिच्यातल्या हिरोला आडनावच नसतं. तो विराज असतो, नाहीतर अर्जुन. पंचविशीत कंपनीचा मालक असतो. हिरोइनचं मनगट घट्ट धरतो, तिच्यावर डाफरतो आणि विसाव्या भागात कळतं की ते प्रेम होतं. एक तर दादागिरीला प्रेम म्हणायचं. आणि दुसरं म्हणजे, सातारा-सांगलीत दोन माणसांची ओळख होताना दुसऱ्या मिनिटाला जो प्रश्न येतो, 'आडनाव काय तुमचं?', तो इथल्या शंभर भागांच्या गोष्टीत एकदाही येत नाही.

ही बारीक गोष्ट नाही. आमच्या भागात मुलीच्या मोबाइलवर कोणाचा मेसेज आला यावरून तिचं कॉलेज बंद होतं. लग्न कोणाशी करायचं हे घर, भावकी आणि गाव ठरवतं. अशा ठिकाणी प्रेमकथा वाचणारी मुलगी वेळ वाया घालवत नसते. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेतला तर काय होईल, याची ती मनातल्या मनात तालीम करत असते. म्हणून तिला खोटी गोष्ट देणं हा मला गुन्हा वाटतो. 'सैराट'ने २०१६ मध्ये दाखवून दिलं की आर्चीचं पाटील आणि परश्याचं काळे ही दोन आडनावं समोर ठेवूनही महाराष्ट्र वेडा होईल अशी प्रेमकथा सांगता येते. प्रेक्षकाला सत्य झेपतं. मग वाचकाला झेपणार नाही असं कोणी ठरवलं?

आणि उत्कंठावर्धक लिहिणं म्हणजे उथळ लिहिणं, हा समज तर सांगली जिल्ह्यात कोणी बाळगूच नये. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम गेले आणि 'फकिरा' लिहून बसले. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक, मागावर इंग्रज सरकार, प्रत्येक प्रकरणाला 'आता पुढं काय'. आजच्या भाषेत तो थ्रिलरच आहे. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला. वेग आणि खोली एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे.

राहिलं नॉन-फिक्शन. इथे मामला उलटा आहे. प्रेमकथेची टिंगल होते, पण हातात 'यशस्वी कसे व्हाल' छापाचं पुस्तक असलं की पोरगं 'वाचतंय' म्हणून घरचे खूश. 'रिच डॅड पुअर डॅड' घ्या. त्यातले श्रीमंत बाबा खरंच कोणी होते की लेखकाने रचले, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणजे जे पुस्तक आपण 'खरं' म्हणून वाचतो, त्याच्या मुख्य पात्राबद्दलच शंका! निदान रहस्यकथा तरी आपण काल्पनिक असल्याचं कबूल करते. पगार वाढला नाही, पेपर फुटला, भरती रद्द झाली, तरी ही पुस्तकं एकच सांगतात : तुझ्या सवयी बदल. सगळा दोष वाचणाऱ्याच्या माथी.

खरं नॉन-फिक्शन काय असतं हे बघायला लांब जायला नको. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत त्यांचं वाचन वाढलं. घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून त्यांनी वह्या भरल्या आणि त्यातून 'जिणं आमुचं' आलं. बाईचं, महार समाजाचं, भुकेचं जगणं त्यात आहे. दोष कोणाचा हे सांगायला ते पुस्तक कचरत नाही. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. त्याचे खंड आज मोबाइलवर फुकट वाचता येतात. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांची पुस्तकं 'पुरावा कुठाय?' हा प्रश्न विचारायला शिकवतात. तो प्रश्न त्या श्रीमंत बाबांनाही विचारता येतो.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. समीक्षकांनी वर्षाला दहा गंभीर कादंबऱ्यांवर लिहिताना दोन रहस्यकथा आणि दोन प्रेमकथाही घ्याव्यात, आणि त्यांना तेवढ्याच कठोरपणे सोलावं. अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांनी फाटलेले शिरवळकर रद्दीत घालण्याआधी नवी प्रत मागवावी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली पुस्तकं कृष्णेनं नेली. पण पुस्तकं बुडायला पूरच लागतो असं नाही. ती विसरूनही बुडतात.

आणि तुम्ही, जे हे मोबाइलवर वाचताय, तुमच्याकडे पण काम आहे. पुढच्या वेळी अॅपवर पाच स्टार देऊन 'मस्त, पुढचा भाग लवकर टाका' एवढंच लिहू नका. खुनी आधी का दिसला नाही, ते विचारा. तिने नको म्हटल्यावरही त्याने हात का सोडला नाही, ते विचारा. आणि हिरोचं आडनाव काय, तेही विचारा. लेखकाला उत्तर द्यावं लागलं, की गोष्ट सुधारायला लागेल.