हिरवा त्रिकोण आणि पाण्यातील पिसू

कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण आता बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. लाल त्रिकोणाचे औषध अत्यंत विषारी, पिवळ्याचे जास्त विषारी, निळ्याचे मध्यम विषारी आणि हिरव्याचे किंचित विषारी, असा त्याचा अर्थ होय. औषध निवडताना हा त्रिकोण पाहण्याची सवय लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि या सवयीबरोबर एक गैरसमजही गावोगाव रुजला आहे. हिरव्या त्रिकोणाचे औषध सर्वांनाच निर्धोक आहे, मग त्याचा पंप तळ्यावर धुतला काय किंवा नाल्यावर धुतला काय, असे पुष्कळांना वाटते. हा समज खरा नाही, आणि तो दूर करण्याची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा औषध विकणाऱ्यांवर व आम्हा विस्तार कार्यकर्त्यांवर अधिक आहे, असे माझे मत आहे.

त्रिकोणाचा रंग कशावरून ठरतो ते प्रथम पाहू. औषधाची किती मात्रा पोटात गेली किंवा कातडीवाटे शरीरात भिनली असता प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरतात, हे उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवर तपासतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा त्रिकोण मिळतो. म्हणजे हा त्रिकोण मुख्यतः माणसाला असलेला धोका सांगतो. तसे असण्यास कारणही आहे. १९५८ साली केरळात अन्नधान्यात कीटकनाशक मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. माणसाचा जीव वाचविणे हा त्यांचा पहिला हेतू होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यू पावले. ते पाहता या हेतूचे महत्त्व आजही तसूभर कमी झालेले नाही.

परंतु पाण्याचा प्रश्न निराळा आहे. त्यासाठी शास्त्रज्ञ एका चिमुकल्या जीवाची साक्ष काढतात. त्याचे नाव डॅफ्निया, म्हणजे पाण्यातील पिसू. हा जीव चावणाऱ्या पिसवेसारखा कीटक नसून झिंगे व खेकडे यांच्या कवचधारी कुळातील आहे. तो गोड्या पाण्यात उड्या मारीत पोहतो आणि पाण्यातील शेवाळाचे सूक्ष्म कण गाळून खातो. पूर्ण वाढ झाली तरी तो काही मिलिमीटरच भरतो.

चाचणीची रीत साधी, पण काटेकोर आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर ती १९८४ साली ठरली आणि २००४ साली सुधारण्यात आली. जन्मून चोवीस तास न झालेली पिल्ले घेतात. औषधाची निदान पाच वेगवेगळ्या तीव्रतांची द्रावणे करतात आणि प्रत्येक तीव्रतेत किमान वीस पिल्ले सोडतात. एक भांडे औषधाविना शुद्ध पाण्याचे ठेवतात. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात व पिल्लांना अन्न देत नाहीत. चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी भांडे हलकेच हलवून पाहतात. त्यानंतर पंधरा सेकंदांत जे पिल्लू पोहत नाही ते निश्चल झाले असे धरतात. ज्या तीव्रतेत निम्मी पिल्ले निश्चल होतात, तो आकडा त्या औषधाचा पाण्यातील अल्पकालीन विषारीपणा दाखवितो. शुद्ध पाण्यातील दहा टक्क्यांहून अधिक पिल्ले निश्चल झाली तर सारी चाचणीच रद्द समजतात.

आता आपल्या भागातील उदाहरण घेऊ. वडनेर भोलजी आणि नांदुरा तालुक्यातील इतर गावे पूर्णेच्या खोऱ्यात येतात. येथे कपाशी, सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके घेतात आणि अळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल हे औषध अनेक जण वापरतात. त्याच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असतो आणि माणसाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. माशांनाही या औषधाने फारशी बाधा होत नाही. परंतु पाण्यातील पिसवेची निम्मी पिल्ले निश्चल होण्यास दर लिटर पाण्यात ०.०११६ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा सुमारे ८६ वा भाग, एवढेच औषध पुरते. चाचणीतील माशांनी याच्या हजारपटीहून अधिक तीव्रता सोसलेली आहे.

हा आकडा पंपाच्या भाषेत मांडू. साडेअठरा टक्क्यांचे हे औषध दहा लिटर पाण्यात तीन मिलिलिटर घातले, तर फवारणीच्या दर लिटर द्रावणात सुमारे ६० मिलिग्रॅम मूळ औषध येते. असे एक लिटर उरलेले द्रावण पाण्यात ओतले, तर सुमारे पाच हजार लिटर पाणी निम्म्या पिसवा निश्चल करण्याइतके बाधित होऊ शकते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल शेततळे भरले असता त्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. तेव्हा एका पंपाच्या धुण्याने भरलेले तळे ओस पडेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण नाल्यातील डोह, ओढ्याकाठचे डबके किंवा तळाशी थोडेच पाणी राहिलेले शेततळे यांची गोष्ट तशी नाही. एकाच ठिकाणी दहा जणांनी दहा पंप धुतले म्हणजे हिशेब झपाट्याने बदलतो.

पाण्यातील पिसू मेली तर शेतकऱ्याचे काय गेले, असे कोणी विचारील. ज्याने शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे त्याचे पुष्कळ गेले. रोहू, कटला व मृगळ यांची लहान पिल्ले याच सूक्ष्म जीवांवर वाढतात आणि कटला तर मोठा झाल्यावरही मुख्यतः त्यांवरच जगतो. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडण्याचा काळ आणि पिकावर फवारणीचा काळ एकच येतो. त्याच सुमारास काळ्या जमिनीवरून पावसाचे पाणी नाल्यांत वाहून जाते. अशा वेळी मासे विषाने मरत नाहीत, ते उपाशी राहून खुंटतात. मेलेला मासा पाण्यावर तरंगतो आणि सर्वांना दिसतो. नाहीशा झालेल्या पिसवा मात्र कोणाच्या नजरेस येत नाहीत, आणि मासे का वाढले नाहीत याचा दोष बियाण्यावर किंवा खाद्यावर ढकलला जातो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. यावरून हिरव्या त्रिकोणाची औषधे टाकून द्यावीत व अधिक जहाल औषधांकडे वळावे, असा अर्थ कोणी काढू नये. फवारणाऱ्या मजुराचा जीव प्रथम. प्रश्न औषध वापरण्याचा नसून ते पाण्यात न जाऊ देण्याचा आहे.

त्याचप्रमाणे ही चाचणी म्हणजे अंतिम शब्द आहे, असेही मानू नये. इमिडाक्लोप्रिड हे औषध डॅफ्नियाला दर लिटरला सुमारे ८५ मिलिग्रॅम एवढ्या तीव्रतेत बाधते. म्हणजे या चाचणीत ते सौम्य ठरते. पण मेफ्लाय नावाच्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले त्याच्या हजारपटीहून कमी तीव्रतेतही मरतात. एका जीवाची साक्ष सर्वांना लागू पडत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. शिवाय चाचणीतील पाणी वीस अंशांच्या आसपास असते, तर आपल्याकडील उथळ पाणी त्याहून पुष्कळ तापते. खारपाण पट्ट्यातील पाण्यात क्षारही अधिक असतात. आपल्या तळ्यांत मोइना व सेरिओडॅफ्निया ही डॅफ्नियाची लहान भावंडे अधिक आढळतात. त्यांच्यावर, आपल्याच पाण्यात व आपल्याच तापमानात चाचण्या व्हावयास हव्यात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व जिल्ह्यातील कृषी महाविद्यालये यांनी हे काम हाती घ्यावे. त्यास फार खर्चाची यंत्रसामग्री लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

दुसरी सूचना लेबलासंबंधी आहे. काही औषधांच्या माहितीपत्रकात जलचरांविषयीचा इशारा असतो, पण तो बारीक अक्षरांत, शेवटच्या घडीत दडलेला असतो. पाण्यातील जीवांना असलेला धोका दाखविणारी स्वतंत्र खूण डब्याच्या दर्शनी भागावर ठळक मराठी शब्दांसह असावी. रसायनांसाठी मेलेला मासा व वठलेले झाड यांची खूण जगात अनेक देशांत वापरली जातेच. कायदा बदलण्यास वेळ लागेल. तोपर्यंत आमच्या विभागाच्या फवारणी शिफारशींत मात्रेच्या शेजारी "पाण्यातील जीवांस घातक" एवढा एक रकाना जोडण्यास कोणतीच अडचण दिसत नाही.

या सुधारणा होईपर्यंत शेतकरी बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. लागेल तेवढेच द्रावण तयार करावे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे. पंप विहीर, तळे व नाला यांपासून दूर धुवावा आणि धुण्याचे पाणी फवारलेल्या शेतातच जिरू द्यावे. पाण्यालगतची पट्टी फवारणीतून वगळून तेथे गवत राखावे. पावसाची चिन्हे असताना फवारणी करू नये.

मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पाण्याची साधी परीक्षाही करता येते. फवारणीपासून दूर असलेल्या तळ्यातील टाचणीच्या डोक्याएवढे उड्या मारणारे जीव सुती कापडाने अलगद गाळून घ्यावेत. चार काचेच्या पेल्यांत आपल्या शेततळ्याचे व चार पेल्यांत त्या दूरच्या तळ्याचे पाणी घेऊन प्रत्येकात पाच जीव सोडावेत आणि पेले दोन दिवस सावलीत ठेवावेत. तुलनेसाठी खाऱ्या विहिरीचे पाणी घेऊ नये. दूरच्या तळ्याच्या पाण्यात जीव पोहत राहिले आणि आपल्या पाण्यात ते निश्चल झाले, तर बीज सोडण्याची घाई न करता कृषी सहायकास कळवावे. सर्व जीव जगले म्हणजे पाणी पूर्ण निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. पण ते मेले, तर मत्स्यबीजावर पैसे खर्च करण्याआधीच इशारा मिळतो. ही परीक्षा केवळ पाण्याची आहे. पेल्यात औषध मिसळून घरी प्रयोग कोणीही करू नये, आणि वापरलेले पेले पुन्हा खाण्यापिण्याच्या कामी आणू नयेत.