सकाळी अकराची बैठक

क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीची बैठक असते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या वेळी मोकळे कोण? पेन्शनर काका, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि माझ्यासारखे घरी बसून लिहिणारे. मग विषयही ठरलेलेच. पार्किंग, ड्रेनेज, भटकी कुत्री आणि फुटपाथवरचे भाजीवाले. ज्या भाजीवालीबद्दल सगळे तावातावाने बोलतात, ती अकराला गाडीवर मेथीच्या जुड्या विकत असते. आमचं बोलणं 'नागरिकांचं म्हणणं' म्हणून इतिवृत्तात जातं. बैठक रविवारी घ्या, वस्तीतल्या शाळेत घ्या, असं सुचवून पाहिलं. "रविवारी साहेब येतील का?" असं एका काकांनीच विचारलं.

काकांची टिंगल मला करायची नाही. रस्ता कधी खोदला, बुजवायला कुणाला सांगितलं होतं, सगळं तारीखवार फायलीत लावून आणणारी ही माणसं. मार्च २०२२मध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकांनीच कारभार हाकला. नगरसेवकच नसताना अधिकाऱ्यांना जाब विचारला तो अशाच लोकांनी. प्रश्न एवढाच, की त्यांना (आणि मला) गल्लीचे प्रतिनिधी केलं कुणी?

कायद्यानेही याचं धड उत्तर दिलेलं नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्रात त्यांवर सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात, पण ते निवडायचे नगरसेवकांनी. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच मर्जीने आत यायचं! क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ची. आपल्या भागात ती भरलेली कुणी पाहिली असेल, तर जरूर कळवा. पुण्यात २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. सोय चांगली आहे, पण अर्ज भरतो तो क्षेत्रीय कार्यालयाचे जिने आधीच पाठ असलेलाच.

गंमत अशी, की त्या भाजीवालीच्या बाबतीत कायदा जास्त शहाणा निघाला. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहरोशहरी नगर पथविक्रेता समिती आली. अध्यक्ष महापालिका आयुक्त. पण किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे, तेही त्यांनीच मतदान करून निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. या निवडणुका अनेक शहरांत वर्षानुवर्षं रखडल्या. समिती नुसती कागदावर ठेवण्याचे प्रकारही झाले. तरी निवडून आलेली एखादी विक्रेती आयुक्तांसमोर तोंड उघडते, तेव्हा ती कुणाच्या वतीने बोलतेय हे मतं मोजून दाखवता येतं. आपल्या लोकांना विसरून ती साहेबांच्या हो ला हो करू लागली, तर पुढच्या खेपेला तिला पाडताही येतं. आमच्या मोहल्ला समितीतून कुणाला पाडायची सोयच नाही. मलासुद्धा.