गेम की वाचन?

मूल पडद्यासमोर दिसले की 'गेम बंद कर' हे आम्हा पालक-शिक्षकांचे ठरलेले वाक्य. कोणता गेम, हे आम्ही क्वचितच विचारतो.

जपानी गेम 'नऊ तास, नऊ माणसे, नऊ दारे' घ्या. लेखक-दिग्दर्शक कोतारो उचिकोशी, साल 2009. 2017 पासून तो संगणकावरही मिळतो. नऊ माणसे जहाजात कोंडलेली, नऊ तासांत जहाज बुडणार. प्रत्येकाच्या मनगटावर 1 ते 9 पैकी एक आकडा. आकडा लिहिलेले दार 3 ते 5 जणांनी मिळूनच उघडायचे. त्यांच्या आकड्यांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची: 1, 4 आणि 9 मिळून 14; 1 आणि 4 मिळून 5. म्हणजे पाचवे दार! गटात 9 आकड्याचा माणूस आला-गेला तरी उत्तर बदलत नाही. का, ते मुलांनाच विचारा.

कोडी सोडली तर बाकी वाचनच. पडद्यावर पानेच्या पाने मजकूर. अशा गेमला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. शेवट सहा, तुम्ही जे निवडाल त्याप्रमाणे. तिलिस्मच्या उर्दू दास्ताना ऐकलेल्या नानी-दादींना ही कुलूपबंद दुनिया फारशी परकी वाटणार नाही.

मात्र गोष्टीत रक्तपात आहे. अमेरिकेत या गेमवर 17 वर्षांवरील वयाचा शिक्का आहे. सहावीतल्या मुलाला तो देऊ नये, बी.ए.ची मुलगी खेळली तर आमची हरकत नाही. शिक्का डब्यावर छापलेला असतो. अम्मी-अब्बांनी पैसे देण्याआधी तेवढा वाचावा.