आधी तोंडात, मग अंगठ्यात

शेजारच्या चौथीतल्या मुलीला वाढदिवसाला कलिंबा मिळाला. तळहातांत मावणारी लाकडी पेटी, तिच्यावर सतरा धातूच्या पट्ट्या, सोबत सुरात लावायची हातोडी आणि आकड्यांची पुस्तिका. पुस्तिकेत पहिलं गाणं ‘ट्विंकल ट्विंकल’, पुढचं ‘हॅपी बर्थडे’. पोर आकडे वाचून पट्ट्या छेडत होती. डोळे कागदावर, कान रिकामे.  मला राग आला.

हे वाद्य मूळचं आफ्रिकेचं. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांची एम्बिरा पूर्वजांना आवाहन करणाऱ्या विधींत वाजते. तिच्या कुळातल्या वाद्यांवरून ह्यू ट्रेसी यांनी १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत कलिंबा बनवून जगभर विकायला सुरुवात केली. झिम्बाब्वे आणि मलावीतली एम्बिराची कला २०२०मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. तिथे पंधरा पट्ट्यांच्या न्युंगा न्युंगा एम्बिरावर नवशिक्याला बहुधा ‘चेमुतेंगुरे’ हे साधं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं शोना गाणं आधी शिकवतात.

मग आपल्या मुलांनी भोंडल्याच्या गाण्यापासून सुरुवात का करू नये? ही गाणी बहुतेक चार-पाच स्वरांत फिरतात आणि शेजारच्या स्वरावरच पाऊल टाकतात. कलिंब्यावर सा मधोमध, रे त्याच्या डावीकडे, ग उजवीकडे, म पुन्हा डावीकडे. त्यामुळे अशी चाल वाजवताना अंगठे आपोआप आलटूनपालटून पडतात. शिवाय चाल एवढीशी आणि कडवी ढीगभर. नवख्या हाताला हवा तेवढा रियाज गाण्यातच होतो.

मी पुस्तिका मिटून ठेवली. “अगं, आजीचं भोंडल्याचं गाणं म्हण आणि शोध.” तिने ओळ गुणगुणली, एक पट्टी छेडली, मान हलवली, पलीकडची छेडली. सापडलं! पण एका जागी अडली. “काकू, आजी असं नाही म्हणत.” बरोबर होतं तिचं. आजीचा गंधार कोमल होता आणि पेटीवर सगळे शुद्ध स्वर. पट्टीच्या वरच्या टोकावर हातोडीने हलकेच ठोकलं, पट्टी सरकून जराशी लांब झाली, स्वर उतरला. आकडे वाचून हा फरक तिला कधीच कळला नसता.

आता खरी काळजी सांगते. आजीला सगळी कडवी येतात, आईला दोन, मुलीला धृपद. सोसायट्यांच्या भोंडल्यात आता स्पीकर गातो आणि बायका नुसत्या फेर धरतात. प्रत्येक घराची चाल जराशी वेगळी असते, कुठे एक हेल जास्त, कुठे एक शब्द वेगळा. ध्वनिफितीत त्यातली एकच उरते. बाकीच्या गाणाऱ्या बाईबरोबर संपतात, आणि त्या कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाहीत.

म्हणून यंदा हस्त नक्षत्र लागण्याआधी घरातल्या आजीकडून, आत्याकडून एक गाणं सगळ्या कडव्यांसकट शिकून घ्या. मुलांना शेजारी बसवा. कलिंबा नसला तरी चालेल.