हॉल उघडा, काउंटर बंद

विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की एक युक्तिवाद हमखास कानावर येतो. आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग लॉ लायब्ररीची वेळ वाढवून करायचं काय? या आठवड्यातही तो आला, आणि तो का चुकतो हे मुद्देसूद मांडायलाच हवं. सोय ज्यांच्यासाठी असते त्यांच्याच मोकळ्या वेळेत ती बंद असते, हे गाऱ्हाणं या सदराच्या वाचकांना नवं नाही. दाखल्यांच्या खिडक्यांपासून बसच्या शेवटच्या फेरीपर्यंत आपण ते इथे वाचलं आहे. पण कायद्याच्या ग्रंथालयाच्या बाबतीत प्रकरण गैरसोयीवर थांबत नाही, शिक्षणच अर्धवट राहतं. निकाल फुकट झाले, हे खरं. ते शोधायचे, पारखायचे आणि योग्य जागी वापरायचे कसे, हे मात्र अजूनही ग्रंथालयातच शिकता येतं, आणि त्यासाठी तिथे वेळ लागतो आणि माणूस लागतो.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या कायदा शिक्षणाच्या २००८ च्या नियमांत ग्रंथालयाची किमान यादी दिली आहे. एआयआर मॅन्युअल, केंद्राचे आणि राज्याचे कायदे, क्रिमिनल लॉ जर्नल, एससीसी, नियतकालिकांचे निदान दहा वर्षांचे मागचे खंड, दर विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकं, आणि एकूण विद्यार्थ्यांपैकी किमान पाव विद्यार्थी एका वेळी बसतील एवढी वाचनाची जागा. ग्रंथालयावरचा वर्षाचा किमान खर्च एका अभ्यासक्रमासाठी पन्नास हजार रुपये, तीन आणि पाच वर्षांचे दोन्ही अभ्यासक्रम असतील तर एक लाख. तासिका सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या दरम्यान घ्याव्यात, ग्रंथालय मात्र रात्री दहापर्यंत उघडं ठेवता येईल, असंही त्यात आहे. म्हणजे नियम दहापर्यंतची मुभा देतो, सक्ती करत नाही. आणि जिथे सक्ती नाही तिथे बहुतेकदा कार्यालयाची वेळ हीच ग्रंथालयाची वेळ होऊन बसते.

ही वेळ कुणाला नडते, ते नागपूरलगतच्या वाडीत उभं राहिलं की कळतं. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा विद्यार्थी वारंग्याच्या निवासी परिसरात राहतो. त्याचं वसतिगृह आणि ग्रंथालय एकाच आवारात. वाडीच्या मुलाचं तसं नाही. तीन वर्षांचं एलएलबी पदवीनंतर करायचं असतं, त्यामुळे ते करणाऱ्यांत कमावते खूप असतात. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी फाडणारा असतो, गोदामात स्टॉक लिहिणारा असतो, घर सांभाळून शिकणारी बाई असते. अमरावती रोडनं सरळ गेलं की नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस लागतो आणि पुढे तो चौक, ज्याचं नावच लॉ कॉलेज चौक. नोकरी सुटल्यावर तिथवर पोचेपर्यंत इश्यूचं काउंटर बंद झालेलं असेल, तर त्या विद्यार्थ्यापुरतं ते ग्रंथालय आय-कार्डावरच्या शिक्क्यापुरतंच राहतं.

आता मोबाइलचा मुद्दा, कारण तो सगळ्यात वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ई-एससीआर सुरू केलं आणि सुमारे ३४ हजार निकाल कुणालाही फुकट वाचायला मिळाले. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट क्वचितच झाली असेल. पण निकालाचा मजकूर आणि निकालाचा अभ्यास यांत अंतर आहे, आणि ते खुद्द सर्वोच्च न्यायालयानंच दाखवून दिलं आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, पण संपादकानं स्वतःच्या बुद्धीनं लिहिलेली हेडनोट ही त्याची निर्मिती. शेकडो पानांतून नेमका कायद्याचा मुद्दा वेगळा काढणं हे कसब आहे. या कसबाचं एक मोठं घर नागपुरातच आहे. वा. वि. चितळे यांनी उभं केलेलं ऑल इंडिया रिपोर्टर इथलंच, आणि १९१४ पासूनचे निकाल त्याच्या खंडांत आहेत. बार कौन्सिलच्या किमान यादीतलं एआयआर मॅन्युअल आणि क्रिमिनल लॉ जर्नल, दोन्ही याच संस्थेची. सबंध देशातले वकील ज्या खंडांचं सायटेशन देतात ते खंड ज्या शहरातून निघाले, त्या शहरातल्या विद्यार्थ्याला ते संध्याकाळी सातनंतर हाताळता येऊ नयेत, हे मनाला लागतं.

एक उदाहरण जवळून पाहा. एआयआर १९७६ एससी १२०७. हा आणीबाणीतला एडीएम जबलपूरचा निकाल. मोबाइलवर शोधला तर अख्खा मिळतो. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो मोडीत काढला, हे त्या १९७६ च्या मजकुरात कुठेच असणार नाही. निकाल आज टिकून आहे की नाही, हे सशुल्क डेटाबेसमध्ये दिसतं किंवा जाणकार ग्रंथपाल दाखवतो. डेटाबेसची वर्गणी संस्था भरते, आणि लॉगिन पुष्कळदा आवारातल्या संगणकापुरतंच चालतं. म्हणजे इंटरनेटसाठीसुद्धा पुन्हा ग्रंथालयच. पडताळून न पाहण्याची किंमत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी मोजली. चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नव्हते असे निकाल त्यांनी न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. खंड काढून पान उघडून बघायची सवय हाताला असती, तर हा प्रकार एका संध्याकाळीच उघडा पडला असता.

आणि काही गोष्टी मोबाइलवर शोधायच्या म्हणजे आधी त्या आहेत हे ठाऊक असावं लागतं. आपल्या भागातल्या जमिनीचंच घ्या. अमरावती रोडलगतच्या एखाद्या प्लॉटचा वाद न्यायालयात गेला की आजचा सातबारा आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता एवढ्यावर भागत नाही. मागे गेलं की १९५४ ची मध्य प्रदेशची महसूल संहिता येते. विदर्भासाठी वेगळा केलेला १९५८ चा कूळकायदा येतो. त्याआधी मालगुजारी संपवणारा १९५० चा कायदा, आणि त्याच्याही मागे मध्य प्रांताचे १९१७ चा महसूल कायदा आणि १९२० चा कूळकायदा. त्यांचा अर्थ लावणारे निकाल १९३६ ते १९५६ या काळातल्या नागपूर उच्च न्यायालयाचे, जुन्या बांधीव खंडांत. मुंबई-पुण्याच्या लेखकाच्या पाठ्यपुस्तकात हे सगळं एखाद्या तळटीपेत उरकलेलं असतं. इथल्या वकिलाला मात्र त्यावरच उलटतपासणी करायची असते. नव्या फौजदारी कायद्यांनीही हेच सिद्ध केलं. १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांच्या दंडसंहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली, तरी त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्यानं चालणार आहेत. ‘कालबाह्य’ म्हणून जुनी टीकापुस्तकं रद्दीत काढणारं ग्रंथालय पुढची कित्येक वर्षं विद्यार्थ्यांचं नुकसान करील.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. कर्मचारी कमी, पदं रिकामी, सुरक्षा कोण बघणार? ही अडचण खरी आहे. पण सुट्टीतही तीच वेळ आणि परीक्षेआधीही तीच, हे कशासाठी? सकाळचे दोन तास कमी करून संध्याकाळी वाढवले तर पगाराचा बोजा वाढत नाही. दुसरा आक्षेप असा की, रात्री उघडं ठेवलं तर मुलं एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसतात, ग्रंथालयाची अभ्यासिका होते. होऊ द्या. शहरात महिन्याचे पैसे मोजून अभ्यासिकेत बसणारी मुलं काय थोडी आहेत? मात्र हॉल उघडा ठेवायचा आणि कपाटांना कुलूप लावून काउंटर बंद करायचं, याला ग्रंथालय उघडं ठेवणं म्हणता येणार नाही. संदर्भ काढून देणारा माणूस बसलेला असेल तरच ते ग्रंथालय. तिसरा आक्षेप सगळ्यात कडवट: मुलं गाईडवर पास होतात, खंड कोण उघडतो? पण याच २००८ च्या नियमांनी मसुदालेखन, मूट कोर्ट आणि इंटर्नशिप हे भाग सक्तीचे केले आहेत. मूट कोर्टात गाईड पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पाडतं. मुलं खंड उघडत नाहीत याला त्यांचा आळस कारण असेलच, पण खंड त्यांच्या वेळेला उघडता येत नाहीत हेही कारण आहे, आणि त्यावर इलाज आपल्या हातात आहे.

हार्वर्डचे डीन लँगडेल यांनी जवळपास दीडशे वर्षांपूर्वी आग्रहानं मांडलं होतं की, रसायनशास्त्राला प्रयोगशाळा तसं कायद्याला ग्रंथालय. विज्ञानाच्या मुलाला प्रॅक्टिकलशिवाय पदवी मिळत नाही, हे आपण बिनतक्रार मान्य करतो. मग मागणी साधी आहे. बार कौन्सिलनं दहापर्यंतची मुभा निदान परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत तरी सक्तीची करावी. २००८ साली ठरवलेली पन्नास हजारांची किमान रक्कम आजच्या पुस्तकांच्या किमतीला धरून वाढवावी. पहिल्या सत्रातच ग्रंथपालानं प्रत्येक विद्यार्थ्याला एक निकाल शोधून, तो आज टिकून आहे का हे तपासून दाखवायला लावावं, आणि त्याला गुण असावेत. उद्या हीच मुलं वाडीतल्या कुणाच्या तरी घराची, नोकरीची, जामिनाची बाजू मांडायला उभी राहणार आहेत. त्यांनी दिलेलं सायटेशन खरं आणि चालू आहे, याची हमी त्या अशिलाला मिळालीच पाहिजे.