एअरबॅगमधील वायूची पारख

1 जुलै 2019 पासून नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग बंधनकारक झाली. 2021 मध्ये शेजारच्या आसनासाठीही तसा नियम आला. पुढे सारी चर्चा एअरबॅगा दोन हव्यात की सहा, या संख्येभोवतीच फिरत राहिली. त्या फुगतात कशाने, हे विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली.

धडक बसताच एका धातूच्या डबीतील रसायन पेटते आणि त्याच्या वायूने पिशवी सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात फुगते. या वायूत नायट्रोजन मुख्य. परंतु कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे अंश आणि डोळ्यांस व श्वासनलिकेस झोंबणारी धूळही त्यात असते. म्हणूनच प्रयोगशाळेत ही डबी बंद टाकीत पेटवून वायूचा दाब व घटकांचे प्रमाण मोजतात. काचा बंद असलेल्या मोटारीत अडकलेल्या दमेकऱ्यास त्या आकड्यांचे मोल निराळे सांगावयास नको.

वायू बेताने न निघता एकदम उसळला, तर डबीच फुटते. जपानच्या ताकाता कंपनीच्या डब्यांतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडले आणि धातूच्या तुकड्यांनी माणसे मेली. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख डब्या परत बोलावाव्या लागल्या. भारतातही होंडाने मोटारी परत बोलावल्या. 2017 साली ताकाताने चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा कबूल केला, दंड व भरपाईपोटी 1 अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. येथे प्रयोगशाळा नव्हती असे नाही; तिचे निष्कर्ष दडपले गेले.

विक्रेत्यास ठाऊक असलेले ग्राहकास ठाऊक नसेल तर बाजार कसा नासतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले होते. आपल्याकडे चाचणीचे शुल्क उत्पादक भरतो. 1966 पासून पुण्यात काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही मुळात वाहनउद्योगाचीच संस्था. तेवढ्यावरून तिच्या सचोटीविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. पण मग वायुचाचणीचे अहवाल जनतेस खुले करण्यास अडचण कोणती? ऑक्टोबर 2023 पासूनच्या भारत एनकॅपचे तारे धडकेतील इजा मोजतात, वायूचे घटक नव्हे. शेंद्र्यास मोटारींची जुळणी करणाऱ्या आपल्या शहरात जुनी मोटार घेणाऱ्या कारकुनास वा शिक्षकास तर तेवढाही आधार नाही. मराठवाड्याचे दहा उन्हाळे सोसलेल्या त्या डबीत कोणते रसायन आहे व ती कोणी बनविली, याची नोंद गाडीच्या नोंदणीपत्रात नसते.